लॅपटॉप चालू आहे, पण कोणासाठी?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. कॉम्प्युटरचं नाव दिसलं म्हणून सोडून देऊ नका. विषय कॉम्प्युटरपुरता नाही.

धानाची मळणी सुरू होती तेव्हाची गोष्ट. बपेऱ्याजवळच्या एका गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याचा सकाळी सकाळी फोन आला. "भाऊ, पोट्ट्याचा लॅपटॉप मुका झाला. तुमी कॉम्प्युटरवर बातम्या लिवता, जरा येऊन पाहून द्या ना."

मला वाटलं स्पीकर गेला असेल. गाडी काढली आणि गेलो.

पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, तुमसरला शिकतो. जन्मापासून दिसत नाही. एका संस्थेनं त्याला वापरलेला, पण साफसूफ करून नीट केलेला लॅपटॉप दिला होता. लॅपटॉप जुना, त्यावर विंडोज ११ नियमानं बसत नाही, आणि विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून संस्थेनं त्यात लिनक्स टाकून दिलं. सोबत ऑर्का. ऑर्का म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. बटण दाबलं की बटणाचं नाव सांगतं, ओळ आली की ओळ वाचतं. मराठीसुद्धा वाचतं, जरा यंत्रासारखं, पण वाचतं. पोरगा दीड महिन्यात त्यावर नोट्स काढायला लागला होता.

मग एक दिवस लॅपटॉपनं अपडेट मागितलं. घरच्या कोणीतरी 'हो' दाबलं. लॅपटॉप बंद होऊन परत सुरू झाला, आणि गप्प.

मी जाण्याआधी तिघांनी तो पाहिला होता. तुमसरच्या एका दुकानदारानं पाहिलं, म्हणाला चालू आहे. नात्यातल्या कॉम्प्युटर शिकलेल्या पोरानं पाहिलं, म्हणाला एकदम ओके आहे. संस्थेच्या माणसानं फोनवर विचारलं, "स्क्रीन दिसते ना? मग चालू आहे." पोरगा खाटेवर बसून हे सगळं ऐकत होता. मी पण उघडून पाहिला. स्क्रीन स्वच्छ, माउस हलतो, फाइल उघडते. माझ्याही तोंडून निघालं, "चालू तर आहे रे."

तो म्हणाला, "काका, सगळेच म्हणतात चालू आहे. कोणासाठी चालू आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता जे कळलं ते इथं लिहितोय, कारण हा प्रश्न एका लॅपटॉपचा राहिलेला नाही.

आधी आवाज कसा चालतो ते समजून घेऊ. आपल्याकडं दिवाळीनंतर मंडई भरते. रात्री दंडार असते, नाटक असतं. मंचावर गाणारा आहे, पेटीवाला आहे, मध्येच सरपंचांना दोन शब्द बोलायचे असतात, मध्येच कोणाचं पोरगं हरवल्याची घोषणा होते. माईक पाच-सहा, बॉक्स एकच जोडी. सगळ्यांचा आवाज त्या एका जोडीतून निघतो, कारण कोपऱ्यात साउंडवाला मिक्सर घेऊन बसलेला असतो. कोणाचा आवाज वर, कोणाचा खाली, हे तो पाहतो. तो उठून गेला तर मंचावर सगळे असूनही मंडईत काही ऐकू येत नाही.

कॉम्प्युटरमध्येही असाच साउंडवाला असतो. त्याला साउंड सर्व्हर म्हणतात. गाणं, व्हिडिओ, मीटिंग, ऑर्काचं बोलणं, सगळं आधी त्याच्याकडं जातं, तो मिसळतो आणि स्पीकरकडं पाठवतो. लिनक्सच्या दुनियेत गेल्या पंचवीस वर्षांत हा साउंडवाला अनेकदा बदलला. प्रत्येक बदलात कोणाचा तरी आवाज गेला.

थोडा इतिहास सांगतो. कंटाळू नका, यातच सगळं आहे.

सुरुवातीला लिनक्समध्ये ओएसएस नावाची व्यवस्था होती. बहुतेक ठिकाणी तिचा कारभार असा की ज्यानं आधी माईक धरला त्याचाच माईक. एक प्रोग्राम आवाज काढत असेल तर दुसऱ्याला 'साधन व्यस्त आहे' एवढंच उत्तर. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला या झेक प्रोग्रामरनं अल्साचं काम सुरू केलं आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ मध्ये तीच मुख्य व्यवस्था झाली. जुन्या ओएसएसवाल्या प्रोग्रामांसाठी अल्सानं एक नक्कल ठेवली. पण अल्साला अनेकांचे आवाज मिसळता यायचे ते वेगळ्या वाटेनं. जुने प्रोग्राम नकलेच्या वाटेनं यायचे आणि पुन्हा एकटेच माईक धरून बसायचे.

वर डेस्कटॉपवाल्यांनी आपापले साउंडवाले ठेवले. ग्नोमवाल्यांचा ईएसडी, केडीईवाल्यांचा आर्ट्स. संगीत रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी तिसरा, जॅक. एकाच मंडईत तीन साउंडवाले आणि बॉक्सची जोडी एक. भांडण होणारच.

मग २००४ मध्ये पल्सऑडिओ आला. तेव्हा त्याचं नाव पॉलिपऑडिओ होतं. कल्पना चांगली होती: सगळ्यांचा एकच साउंडवाला. फेडोरा ८ नं नोव्हेंबर २००७ मध्ये तो घेतला, उबंटू ८.०४ नं एप्रिल २००८ मध्ये. आणि जगभर ओरड सुरू झाली. आवाज फाटतो, अडखळतो, जातो. तो लिहिणाऱ्या लेनार्ट पटरिंगनं स्वतःच त्या काळात म्हटलं होतं की सध्या तुमचा आवाज बिघडवणारं सॉफ्टवेअर ते हेच. पुढे त्यानं उबंटूवाल्यांनाही सुनावलं की तुम्ही तयारी न करता घाईनं घेतलं. उबंटू वापरणारे म्हणाले, आम्ही कुठं मागितलं होतं?

हे लक्षात ठेवा: बनवणारा म्हणतो वाटणाऱ्यानं घाई केली, वाटणारा म्हणतो बनवणाऱ्याचं कच्चं होतं, आणि ज्याचा आवाज गेला तो मध्ये उभा.

पुढे तर दार उलट्या बाजूनं बंद झालं. जून २०१४ मध्ये लिनक्ससाठीच्या स्काइपनं अल्साशी थेट बोलणं सोडलं, पल्सऑडिओ लागेलच म्हणाला. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ नं तेच केलं. ज्यांनी त्रासाला कंटाळून पल्सऑडिओ काढून टाकला होता, त्यांचा ब्राउझर एका अपडेटमध्ये मुका झाला. त्यांची चूक काय? काल चालत होतं ते आजही चालेल यावर विश्वास ठेवला, एवढीच.

याच इतिहासातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २०१२. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एका बदलामुळं पल्सऑडिओ आणि काही आवाजाचे प्रोग्राम बिघडले. त्या भागाची जबाबदारी असलेला माणूस म्हणाला, हा तर पल्सऑडिओचा दोष दिसतो. त्यावर लिनस टोरवाल्ड्स, म्हणजे ज्यानं लिनक्स सुरू केलं तो, इतका भडकला की ते पत्र आजही लोक काढून वाचतात. त्याची भाषा मी इथं लिहिणार नाही, घरातले लोक पोस्ट वाचतात. पण मतलब सरळ होता. आमच्या बदलानं लोकांचा चालता प्रोग्राम बंद पडला तर दोष आमचा. त्या प्रोग्रामकडं बोट दाखवायचं नाही. वापरणाऱ्याचं चालतं काम मोडायचं नाही, हा पहिला नियम.

भाषा वाईट होती, हे त्यानं पुढं काही वर्षांनी आपल्या एकूण वागण्याबद्दल माफी मागून मान्यही केलं. पण नियम सोळा आणे खरा आहे. ज्यानं बदल केला, मोडतोडीची जबाबदारी त्याची. माझं म्हणणं एवढंच की हा नियम कर्नलमध्ये पाळतात, आणि आपल्या शाळा, संस्था, सरकारी कार्यालयात कोणीच पाळत नाही.

आता ताजा साउंडवाला. रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या विम टेमन्सनं पाइपवायर आणला, २०१७ पासून तो लोकांसमोर आहे. फेडोरा ३४ नं एप्रिल २०२१ मध्ये आवाजाचं काम त्याच्याकडं दिलं, उबंटूनं ऑक्टोबर २०२२ मध्ये, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. हा आधीच्यांपेक्षा कमी गडबडीत रुजला. कारण ऐकण्यासारखं आहे. यानं जुन्यांना 'बदला नाही तर निघा' म्हटलं नाही. पल्सऑडिओशी बोलणारा प्रोग्राम आला की हा पल्सऑडिओसारखाच बोलतो. जॅकवाला आला की जॅकसारखा. अल्सावाल्याला अल्साची वाट. प्रोग्रामला कळतही नाही की कोपऱ्यातला माणूस बदललाय.

शहाणपण यालाच म्हणतात. नव्या माणसानं जुन्यांची भाषा शिकायची. जुन्यांनी रातोरात नवी भाषा शिकावी ही अपेक्षा ठेवायची नाही.

मग आमच्या पोराचा लॅपटॉप का मुका झाला? कारण पाइपवायरनं केलं ते वाटणाऱ्यांनी केलं नाही. नागपूरच्या एका मित्राला फोन लावला. तो सांगत गेला, मी स्क्रीनवर पाहून वाचत गेलो. आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरचं नावच नव्हतं. लिहिलं होतं 'डमी आउटपुट', म्हणजे नावाचं साधन, बिनस्पीकरचं. शेवटी निघालं असं की अपडेटमध्ये नवा साउंडवाला आला, पण जुना गेलाच नाही. लॅपटॉप सुरू झाला की दोघंही उठायचे. प्रोग्रामांचे निरोप घ्यायला नवा बसला होता, स्पीकरची तार जुन्याच्या हातात होती. ऑर्का बोलत होता. पूर्ण वेळ बोलत होता. त्याचं बोलणं कुठंच पोहोचत नव्हतं.

जुन्याला बंद केलं, नव्याला सगळं सोपवलं, लॅपटॉप परत सुरू केला. काम बारा मिनिटांचं. शोधायला दोन दिवस. आणि त्याआधी पोराचे दहा दिवस गेलेले. परीक्षा डोक्यावर असताना.

आणि या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. डोळस माणसाचा आवाज गेला तर तो स्क्रीनवर शोधतो, वाचतो, सेटिंग पाहतो. या पोराला दुरुस्तीसाठी जी स्क्रीन वाचायची होती ती वाचून दाखवणारंच बंद होतं. कुलूप लागलं आणि किल्ली आत राहिली. त्याला अक्कल कमी नव्हती. त्यानं स्वतःच्या मोबाइलवर, बोलणाऱ्या मोबाइलवर, अर्धा उपाय शोधून ठेवला होता. फक्त लॅपटॉप काय म्हणतोय हे त्याला कोणी सांगत नव्हतं, कारण पाहणाऱ्या प्रत्येकाला तो 'चालू' दिसत होता.

आता मला जी उत्तरं मिळाली त्यांच्याकडं वळतो. ती तुम्हीही ऐकली असतील.

पहिलं उत्तर दुकानदाराचं: "ते लिनक्स-बिनक्स काढा, विंडोज टाकून देतो, एका घंट्याचं काम." कोणतं विंडोज? लायसन्सवालं की पेनड्राइव्हमधलं चोरीचं? विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, या लॅपटॉपमध्ये ते नाही. जुगाड करून बसवलं तर पुढचं अपडेट येईल याची हमी नाही. एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे मान्य करतो. विंडोजवर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर आहे, तेही मोफत आणि खुलं, आणि दृष्टिहीन लोकांमध्ये ते खूप वापरलं जातं. ज्याच्याकडं चांगला लॅपटॉप आणि खरं विंडोज आहे, त्यानं ते वापरावं. मी लिनक्सचा भक्त नाही. पण ज्याच्या घरात लॅपटॉप दानातून येतो त्याला 'नवा घ्या' हा सल्ला म्हणजे सल्ला नाही, टोमणा आहे.

दुसरं उत्तर भक्तांचं: "फुकट मिळतंय ना? मग तक्रार कसली? मॅन्युअल वाचा." भाऊ, ज्याला वाचूनच दाखवत नाही त्यानं मॅन्युअल कसं वाचावं? आणि फुकट लिहिणाऱ्यांवर माझा राग नाहीच. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात बसून कोणी रात्री जागून हे बनवतं, बपेऱ्याच्या पोराला मराठीतून वाचून दाखवतं, पैसा मागत नाही. त्याचे पाय धरावेत. माझा राग त्या फुकटावर स्वतःचं नाव लावून वाटणाऱ्यांवर आहे. बनवणाऱ्यानं हमी दिली नाही, हे त्याच्या परवान्यात लिहिलेलं असतं. वाटणाऱ्यानं मात्र फोटो काढला. फोटो काढला की हमी लागते.

तिसरं उत्तर: "अशी एक-दोनच प्रकरणं असतात." नाही. आवाज ही आता चैन राहिलेली नाही. शाळेत व्हिडिओवर धडा चालतो, कार्यालयाच्या बैठका व्हीसीवर होतात, कोर्टात साक्ष व्हीसीवर होते. आवाज गेला तर शिक्षण थांबतं, सुनावणी थांबते. डोळसांचं थांबतं, आणि आंधळ्याचं तर सगळंच.

आता सरकारकडं येतो.

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. सी-डॅकनं त्याच्या आठ वर्षं आधी, २००७ मध्ये, डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम आणली होती. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. आपल्या कोर्टांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पात उबंटू निवडलं गेलं आणि खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुणे केंद्रानं मुक्त स्रोतावर बनवलं. म्हणजे महाराष्ट्राला हे काम जमत नाही असं अजिबात नाही. जिथं ठरवलं तिथं जमलं, कारण तिथं सॉफ्टवेअरसोबत न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही झालं.

केरळचं पाहा. तिथल्या शाळांत गेली वीसेक वर्षं लिनक्स आहे. काइट ही त्यांची सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार करते, पाठ्यपुस्तकाला जे प्रोग्राम लागतात ते त्यातच बसवते आणि शिक्षकांना शिकवते. २०१९ मध्ये दोन लाखांवर कॉम्प्युटरसाठी नवी आवृत्ती देताना त्यांनी सांगितलं की लायसन्सचे तीन हजार कोटी वाचले. आकडा त्यांचा आहे, थोडा कमी धरा हवा तर. मुद्दा हा की वाचवलेल्या पैशासोबत त्यांनी माणूस उभा केला. मास्टर ट्रेनर ठेवला, शिक्षक तयार केला. सॉफ्टवेअर मोफत असतं, सांभाळ मोफत नसतो, हे त्यांना कळलं.

आपल्याकडं 'मोफत' शब्द ऐकला की सांभाळाचा खर्चही शून्य धरतात. लायसन्सचा पैसा वाचला म्हणून पाठ थोपटून घेतात. वाचलेल्या पैशातला एक रुपया तरी त्या माणसावर खर्च केला का, जो फोन केल्यावर येईल आणि म्हणेल, दोन साउंडवाले भांडताहेत, एकाला घरी पाठवतो? धानखरेदी केंद्राला इमारत असते, काटा असतो, बारदाना असतो, आणि काटा बिघडला की धान आठ दिवस बाहेर भिजतं. आपण हे दर वर्षी पाहतो. वस्तू देण्याला आपण काम समजतो, ती चालू ठेवण्याला नाही.

आणि कायदा? दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. त्याच्या कलम ४२ मध्ये माहिती आणि इलेक्ट्रॉनिक साधनं दिव्यांगांना वापरता येतील अशी व्यवस्था करणं ही सरकारची जबाबदारी लिहिली आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढं जाऊन सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण बँकेच्या केवायसीतल्या अडचणींचं होतं, ॲसिड हल्ल्यातले पीडित आणि दृष्टिहीन माणसं कोर्टात गेली होती. केवायसी करताना डोळे मिचकवा म्हणणारा कॅमेरा आणि 'स्क्रीन दिसते ना' म्हणणारा संस्थेचा माणूस, दोघांची चूक एकच. दोघांनीही धरून चाललंय की पलीकडचा माणूस आपल्यासारखाच आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट. इतरांना बोललो, स्वतःला सोडणार नाही.

हा लॅपटॉप मिळाला त्याची बातमी मीच दिली होती. 'दृष्टिहीन विद्यार्थ्याला लॅपटॉप वाटप.' चार ओळी, एक फोटो, फोटोत पाच पाहुणे आणि कोपऱ्यात पोरगा. बातमी लागली, संस्थेनं आभार मानले, मी विसरलो. वीस वर्षं पत्रकारिता करतोय, डिप्लोमा केला तेव्हा शिकवलं होतं की बातमीचा पाठपुरावा करावा. वाटपाच्या किती बातम्या दिल्या ते मोजता येणार नाही. सायकल वाटप, लॅपटॉप वाटप, टॅब वाटप, शिलाई मशीन वाटप. सहा महिन्यांनी त्यातलं किती चालू आहे याची बातमी मी एकदाही दिली नाही. वाटपाचा फोटो छान येतो. दुरुस्तीचा फोटो कोणी काढत नाही. त्यामुळं दुरुस्ती कोणी करतही नाही. यात माझाही हात आहे, हे इथं लिहून ठेवतो.

मग करायचं काय? फार मोठं काही मागत नाही.

एक. जी संस्था, शाळा किंवा कार्यालय दिव्यांगाला कॉम्प्युटर देतं, त्यांनी त्यावर एक चिकटपट्टी लावावी. त्यावर बिघडल्यावर फोन करायचा नंबर असावा, आणि तो नंबर उचलला जावा. नंबर देता येत नसेल तर लॅपटॉप देऊ नका, पैसे द्या.

दोन. अपडेट आधी एका कॉम्प्युटरवर करून पाहा, मग सगळ्यांवर. डोळे मिटून करून पाहा. खरंच सांगतो, डोळे मिटा आणि पाहा की लॅपटॉप सुरू करून एक फाइल उघडता येते का. येत नसेल तर ते अपडेट पुढं पाठवू नका. या परीक्षेला एक रुपया लागत नाही.

तीन. जुनं काढण्याआधी नवं उभं राहिलं का ते बघा. आणि नवं उभं राहिल्यावर जुनं खरंच काढलं का, तेही बघा. आमच्या पोराला दुसऱ्यानंच मारलं.

चार. तालुक्याला एक माणूस. पंचायत समितीत बसवा, गटसाधन केंद्रात बसवा, कुठंही बसवा. त्याला लिनक्सही यावं, विंडोजही यावं, एनव्हीडीए आणि ऑर्का दोन्ही यावं, आणि त्यानं मराठीत बोलावं. लायसन्सचे पैसे वाचले म्हणता ना, त्यातून पगार द्या.

पाच. हे आपल्यासाठी. तुम्हाला जरा तरी कॉम्प्युटर येत असेल आणि असा बिघाड दिसला, तर तो बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचवा. तोडकं इंग्रजी चालतं. माझ्या मित्रानं आमच्या लॅपटॉपची सगळी हकिकत लिहून पाठवली आहे. आपण सांगितलंच नाही तर जर्मनीत, अमेरिकेत बसलेल्या माणसाला कसं कळणार की बावनथडीच्या अलीकडं एका गावात त्याचा आवाज पोहोचला नाही?

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर एवढी मोठी पोस्ट. हो, एवढ्याशाच गोष्टीवर. पूल पडला तर सगळेच लिहितात. दोन प्रोग्राम भांडले आणि एका पोराचे दहा दिवस गेले, यावर कोण लिहिणार?

लॅपटॉप सुरू झाला त्या संध्याकाळी पोराच्या बापानं चहा ठेवला. ऑर्का एक एक बटण सांगत होता. पोरगा म्हणाला, "काका, जरा वेग वाढवू का? मी फास्ट ऐकतो." वेग वाढवला, तेव्हा मला एक शब्द कळेना. तो मात्र भराभर पुढं जात होता. त्या खोलीत तेव्हा मागं पडणारा मी होतो.

जाताना मी त्याला माझा नंबर दिला, म्हटलं परत बंद पडला तर लगेच फोन कर. रस्त्यानं येताना विचार आला, एका पत्रकाराच्या मोबाइल नंबरवर हे पोरगं किती दिवस शिकणार? मी गावात नसलो तर? म्हणून ही पोस्ट.

तुमच्या गावात, तुमच्या ओळखीत असा वाटून दिलेला आणि आता मुका पडलेला कॉम्प्युटर असेल तर कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव लिहा. माणसाचं नाव नको, नंबर नको. यादी झाली की मी ती घेऊन पंचायत समितीत जाणार आहे, आणि तिथं काय उत्तर मिळालं ते इथंच लिहीन. या वेळी पाठपुरावा करणार आहे. नाही केला तर कमेंटमध्ये आठवण करून द्या, ब्लॉक करणार नाही.